आधी त्यांचं सांगा

तांबोळीसाहेबांच्या शोकसभेत मला बोलायला दिलं नाही. यादीत नाव होतं, मी स्वतः वाचलं होतं. पण आयत्या वेळी कुणीतरी संयोजकांच्या कानाशी लागलं असणार, की जगताप उभे राहिले तर काय बोलतील याचा नेम नाही. त्यात खोटं काही नाही. जे चार जण बोलले त्यांनी साहेबांना पार देवघरात नेऊन बसवलं. शांत, संयमी, अजातशत्रू. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. या माणसाशी माझी एक जुनी तक्रार आहे. ती त्यांच्या तोंडावर मांडून झाली, तरी संपलेली नाही. तिथं बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

त्यांची माझी पहिली गाठ सरकारी कचेरीत पडली. कामगार खात्यात ते समेट अधिकारी होते. मालक आणि कामगार भांडले, की दोघांना समोरासमोर बसवून मार्ग काढायचा, हे त्यांचं काम. मी तेव्हा नुकता मालक झालो होतो. दहा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभं राहून धायरीत पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली होती. पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे, म्हणजे डाय, आम्ही बनवायचो. नऊ माणसं कामाला होती. शेडच्या मागच्या दारानं ती सारखी बाहेर जातात, बिड्या ओढत उभी राहतात, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. एक दिवस मी त्या दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ जण बाहेर बसले आणि आठवड्यानं मला कचेरीचं पत्र आलं.

मी तिथं गेलो तो भांडायच्या तयारीनंच. पंधरा मिनिटं बोललो. शेड माझी, दार माझं, कुलूप माझं. टेबलावर दोनदा हात आपटला. समोर एक सडपातळ, पांढरा बुशशर्ट घातलेला माणूस मान थोडी कलती करून ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "शेजारच्या खोलीत टायपिंग चालू आहे. त्यांना आपलं म्हणणं नीट ऐकू गेलं असेल. आता मला सांगा. झालं आपलं?"

"झालं."

"पाणी घ्या. आता त्यांचं सांगा."

"त्यांचं ते सांगतील की. तोंड आहे त्यांना."

"त्यांना त्यांचं येतंच हो. आपल्याला येतं का, ते बघायचंय."

ही त्यांची रीत. भांडणाऱ्यानं आधी समोरच्याची तक्रार सांगायची. समोरचा "हो, असंच" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. तोवर पुढचं पान उलटायचं नाही. मी म्हणालो, "यांना बिड्या ओढायच्यात." भिंतीपाशी बसलेल्या नऊ माना आडव्या हलल्या. "कामचुकारपणा करायचाय." पुन्हा हलल्या. तिसऱ्या वेळेला मी वैतागून म्हणालो, "मग काय हवा खायचीय?" तर त्यांच्यातला सगळ्यात थोराड, निवृत्ती चव्हाण, धायरी गावचाच, शांतपणे म्हणाला, "हां. हवाच खायाचीय. दुपारी पत्रा तापतो शेठ. आत भट्टी व्हती. तुमी पुढं पंख्याखाली बसता, तुमाला न्हाय कळायचं."

कुलूप त्याच दिवशी निघालं. मला हरल्यासारखं वाटलं. बाहेर पडताना मी साहेबांना म्हणालो, "तुम्ही त्यांच्या बाजूचे." ते म्हणाले, "ते नऊ जण येताना हेच म्हणाले. फक्त आपलं नाव घेऊन."

तांबोळींचं मराठी असं, की ळ आणि ण ऐकताना पाटीवर गिरवल्यासारखे दिसावेत. घराणं नारायण पेठेतल्या मुसलमान बाइंडरांचं. आजोबांपासून पुस्तकं बांधायचा धंदा, पुण्यात तीन-चार पिढ्या गेलेल्या. तरी कुणी ना कुणी त्यांना ऐकवायचंच. एका कंपनीचे मॅनेजर माझ्यादेखत त्यांना म्हणाले, "तांबोळी, आपलं मराठी फार छान आहे हो!" साहेब मान लववून म्हणाले, "आपलंही बरं आहे." मॅनेजर खूश होऊन गेले. जिन्यात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांची पावलं मध्येच थांबलेली मी ऐकली.

निवृत्त झाल्यावर ते भावाच्या बाइंडिंगच्या दुकानात बसायला लागले. दुकान म्हणजे लांबट खोली, भिंतीला लागून एक बाकडं, सगळीकडे खळीचा वास. सरकारी शिक्का गेला, पण माणसं येतच राहिली. वर्कशॉपवाले, प्रेसवाले, पतपेढीतले कारकून, एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका आणि त्यांचा शिपाई. पैसे घ्यायचे नाहीत. मात्र आलेल्याला काम करावं लागायचं. दोन्ही पक्षांना त्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसवायचे आणि पुढ्यात छापील कागदांचा गठ्ठा ठेवायचे. मोठ्या कागदाच्या तीन घड्या घालायच्या, की पुस्तकाची सोळा पानं तयार होतात. घाला घड्या, बोलता बोलता.

मी विचारलं, "हा काय प्रकार?"

"हात मोकळे असले की आपटतात. तुम्हाला अनुभव आहे."

मग खालच्या आवाजात पुढं म्हणाले, "शिवाय रागातली घडी तिरकी येते. मी तोंडाकडे बघतच नाही, जगताप. तोंडं लबाड असतात. मी कडा बघतो."

खरोखरच ते कडा बघायचे. तिरकी घडी आली की काही न बोलता कागद उलगडून परत पुढ्यात ठेवायचे. पाच-सहा कागद सरळ आले, की म्हणायचे, "हं. आता बोलू."

एका छापखान्यातले दोन फोरमन मीच त्यांच्याकडे नेले होते. एक पहिल्या पाळीचा, एक दुसऱ्या पाळीचा. एकच मशीन, आणि वर्षभर बोलणं बंद. पहिला म्हणायचा, हा मशीन घाण करून ठेवतो. दुसरा म्हणायचा, हा बिघडवून ठेवतो. निरोप वहीत लिहायचे. ती वही साहेबांनी मागवून घेतली. तिच्यात मशीनबद्दल एक ओळ नव्हती. 'माणसासारखं वागा', 'आरशात बघा', 'कुणाचे संस्कार ते दिसले', असला मजकूर. साहेबांनी सगळी वही वाचली, एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक सुधारली आणि म्हणाले, "लिहिणं चालू ठेवा. चांगलं लिहिता. फक्त यापुढे वहीत माणूस येता कामा नये. रोलर येऊ दे, शाई येऊ दे, पट्टा येऊ दे. माणसाचं नाव आलं, की ते पान मला आणून द्यायचं."

महिन्यानं मी छापखान्यात गेलो, तर दोघं मशीनपाशी उभे राहून तावातावानं भांडत होते. मी साहेबांकडे जाऊन सांगितलं, "तुमचं औषध लागू पडलं नाही. अजून भांडतात."

"कशावरून?"

"कसल्या तरी पट्ट्यावरून."

"मग पडलं लागू."

त्यांच्यातली एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. त्यांना घासाघीस यायची नाही. मी घासाघिशीवरच उभा राहिलेला माणूस. पोलादापासून कोथिंबिरीपर्यंत सांगितलेल्या भावात वस्तू घेतली, तर मला रात्रभर झोप लागत नाही. एकदा त्यांच्याबरोबर मंडईत गेलो. मी एका बाईशी वांग्यांवरून दहा मिनिटं हुज्जत घातली, दोनदा निघून जायचं नाटक केलं, शेवटी माझ्या भावात घेतली. वळून बघतो तर साहेब पुढं निघून गेलेले. गाठल्यावर म्हणाले, "जगताप, तुम्ही जिंकल्याशिवाय भाजी शिजत नाही का तुमच्या घरी?" मला राग आला. त्यांना सरकारी पगार होता, पेन्शन होतं. घासाघीस न करण्याची चैन त्यांना परवडत होती. हे मी त्यांना ऐकवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, "हेही खरं आहे," म्हणाले आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

आता माझी तक्रार.

कुलपाच्या भांडणातला तो निवृत्ती चव्हाण पुढं माझा उजवा हात झाला. निवृत्तीअण्णा. चौथीपर्यंत शिकलेला, पण पोलादावर बोट फिरवून कुठं केसभर जास्त आहे ते सांगायचा, आणि मोजून बघितलं तर तेच निघायचं. पंधरा वर्षांत मला 'शेठ'वरून 'दादा' म्हणायला लागला. एका शेडच्या दोन झाल्या, त्या माझ्या डोक्यानं आणि त्याच्या बोटांनी.

एकदा मुंबईहून मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं आली. एक अवघड डाय बघायला आली होती. आठ ठिकाणांहून 'होत नाही' म्हणून परत आलेलं ते काम अण्णानं तीन आठवडे खपून केलं होतं. त्यांच्यातला एक जण डायवरून हात फिरवत म्हणाला, "वा! कुणी केली?" मी म्हणालो, "आम्हीच करतो सगळं. माणसं आहेत आमच्याकडे कामाला." अण्णा शेजारीच चिंधीनं डाय पुसत उभा होता. काम मिळालं. मी पेढे वाटले.

त्यानंतर अण्णा बदलला. वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. काम पहिल्यासारखंच. फक्त मला 'साहेब' म्हणायला लागला. महिनाभरानं त्यानं काम सोडत असल्याची चिठ्ठी टेबलावर ठेवली. मी ओरडलो, समजावलं, पगार वाढवायची भाषा केली. तो आपला म्हणे, "न्हाय साहेब. राहू द्या." शेवटी मी त्याला जवळजवळ हाताला धरून नारायण पेठेत नेलं. तो माणूस गेला तर माझं काय होईल ते मला पक्कं ठाऊक होतं. यंत्रं विकत मिळतात. तसली बोटं कुठून आणणार?

मुंबईची माणसं येऊन गेल्यापासून हा असा वागतो, एवढं मी साहेबांना सांगितलं आणि आम्ही बाकड्यावर शेजारी शेजारी बसलो. पुढ्यात कागद. अण्णाची पहिलीच घडी रेघ मारल्यासारखी सरळ. माझी कशी आली ते सांगत नाही.

"जगताप, आधी त्यांचं सांगा."

मला आता ती रीत पाठ होती. मी म्हणालो, "पगार कमी पडतो."

"न्हाय," अण्णा म्हणाला.

"मुलीच्या लग्नात मी जेवायला थांबलो नाही."

"तुमी गडबडीत व्हता. आमाला ठाव हाय."

"चारचौघांत ओरडलो."

"तुमी रोजच वरडता. त्येचं काय मनावर घ्यायचं?"

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी कागदाआड लपवलं. माझं मात्र डोकं सटकलं. "मग तूच सांग ना बाबा काय ते! मी काय मनातलं ओळखणारा आहे?"

साहेबांनी हात वर केला आणि अण्णाकडे वळले. "निवृत्तीराव, त्या मुंबईच्या पाहुण्यांपुढं हे काय म्हणाले? शब्द सांगा. जसेच्या तसे."

अण्णा बराच वेळ घडीवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "पंधरा वर्सं ह्ये 'आपण' म्हनत व्हते. आपण ही डाय करू, आपण माल धाडू, आपली शेड. मी घरीबी आपला कारखानाच म्हनायचो. बायको हसायची. त्या दिशी पावन्यांम्होरं 'आम्ही' झालं. आम्ही करतो. आमच्याकडं मानसं हायेत. आपण म्हनलं, की मी त्यात आसतो. आम्ही म्हनलं, की न्हाय."

मी म्हणालो, "एवढ्या एका शब्दासाठी?"

"जगताप," साहेब म्हणाले, "त्यांचं सांगा."

मला ते सांगावं लागलं. दोन वेळा अडखळलो. शेवटी म्हणालो, "मी पंधरा वर्षं याला आत घेतलं होतं. आणि लोकांपुढं मान मिळायची वेळ आली तेव्हा बाहेर उभं केलं."

"हां," अण्णा म्हणाला. "आसंच."

मला वाटलं, जिंकलो. साहेबांच्या रीतीप्रमाणं 'असंच' आलं म्हणजे मिटलं. मी लगेच सौद्यावर आलो. फोरमन करतो, पगार दीडपट करतो, गिऱ्हाइकांपुढं तूच बोलायचं. अण्णानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मिटलं, दादा. आता मनात काय न्हाय. पन मी जातो."

'दादा' म्हणाला. महिन्याभरानं पहिल्यांदा. आणि त्याच दमात जातो म्हणाला.

मी साहेबांकडे वळलो. "साहेब, थांबवा याला."

साहेब कागदांचा गठ्ठा ठोकून सारखा करत होते. बोलले नाहीत. अण्णा घातलेल्या घडीवरच पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होता. मी पुन्हा म्हणालो, "साहेब, बोला की. सांगा याला." साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा अण्णाकडे बघितलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी ते म्हणाले, "भांडण होतं, ते मिटलं. पुढचं माझ्या हातात नाही."

अण्णा उठला, टोपी घातली, दोघांना नमस्कार केला आणि गेला.

धायरीतच दोन गल्ल्या सोडून त्यानं स्वतःची छोटी शेड टाकली. माझी निम्मी चांगली कामं वर्षभरात तिकडे गेली. त्यानं पळवली नाहीत, ती आपोआप गेली. पण मला ते दुखलं नाही तेवढं साहेबांचं गप्प बसणं दुखलं. एकदा एक युनियनचा पुढारी तावातावानं उठून निघाला होता, तेव्हा याच साहेबांनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलेलं मी पाहिलं होतं. मग माझ्या माणसाचा शर्ट त्यांनी का नाही धरला? मी नारायण पेठेत जाणं बंद केलं. रस्त्यात दिसले तर स्कूटर दुसऱ्या गल्लीत घालायचो. अशी कितीतरी वर्षं गेली.

गेल्या वर्षी बायको म्हणाली, "तांबोळीसाहेब थकलेत म्हणे. मांजरी गावात मुलीकडे असतात. जाऊन या. किती दिवस धरून ठेवणार?" म्हणून गेलो. नवी सोसायटी, सातवा मजला, खिडकीतून खाली ऊस. साहेब खुर्चीत, अंगात स्वेटर, पाय सुजलेले. आवाज बारीक झाला होता, पण ळ तसाच. मी दहा मिनिटं तब्येतीची चौकशी केली आणि मग राहवलं नाही.

"तुम्ही त्याला थांबवलं का नाही?"

कुणाला, असं त्यांनी विचारलं नाही. "तुम्ही कुणाला थांबवायला सांगितलंत, जगताप?"

"तुम्हाला."

"बरोबर. दोन वेळा. मला सांगितलंत. निवृत्तीराव तुमच्या शेजारी बसले होते. खांद्याला खांदा लागत होता. त्यांना तुम्ही एकदाही 'थांब' म्हणाला नाहीत. फोरमन म्हणालात, पगार म्हणालात. मी वाट बघत होतो. तेही बघत होते. घातलेली घडी कोण घालत बसतं परत परत?"

मी उसळलो. "मग तेव्हाच सांगायचं होतं मला! इतकी वर्षं गेली!"

"सांगितलं असतं तर तुम्ही 'थांब' म्हणाला असतात. मी सांगितलं म्हणून. त्यांना ते कळलं असतं."

"कळलं असतं तर कळलं असतं! माणूस तर राहिला असता!"

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "कदाचित. मी नेमाला जास्त जपलं असेन. मलाही ते कधी कधी टोचतं. तुमची तक्रार अगदीच खोटी नाही." माझ्या भांडणाचं अर्धं त्यांनी असं कबूल करून टाकलं. उरलेलं अर्धं कुणाशी भांडायचं, ते मला कळेना.

निघालो तर काठी घेऊन लिफ्टपर्यंत आले. मुलगी नको म्हणत होती, तिला हातानंच मागं सारलं. मी लिफ्टमध्ये शिरलो. दार मिटायला लागलं, तशी त्यांनी हात घालून ते अडवलं.

"निवृत्तीराव असतात ना धायरीलाच?"

"असतात. मुलगा बघतो आता शेड."

"भेटता?"

"दिसतो कधीमधी."

"कामाला बोलवा म्हणत नाही मी. त्याचे दिवस गेले. पण जे तेव्हा म्हणायचं राहिलं, ते म्हणायला काय हरकत आहे?"

दार मिटायला बघत होतं आणि त्यांच्या हाताला लागून परत उघडत होतं. लिफ्टमधून ओरडल्यासारखा आवाज यायला लागला. खालून कुणीतरी हाक दिली, "अहो, लिफ्ट सोडा की!" दुसऱ्याला अर्धं मिनिट ताटकळत ठेवलं तरी ज्यांचा जीव वरखाली व्हायचा, असे ते साहेब हललेसुद्धा नाहीत. हात दाराला लावलेला तसाच होता. ते माझ्याकडे बघत होते.

"बघतो," मी म्हणालो.

आयुष्यभर मी हा शब्द समोरच्याला घालवायला वापरला आहे. तो त्यांना चांगला माहीत होता. त्यांनी मान हलवली आणि हात काढून घेतला. दार मिटताना त्यांचा चेहरा दिसला. रागावलेला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.